ब्रिटनला जाणारा माल थांबला तेव्हा

चाकणच्या एका लहान कंपनीत मी एक्स्पोर्टचे कागद बघायचो. पाण्याच्या पंपाची ॲल्युमिनियमची बॉडी आम्ही बनवायचो आणि ब्रिटनमधल्या एका कारखान्याला पाठवायचो. तिकडे तिच्यात बाकीचे भाग बसायचे आणि तयार पंप युरोपात विकले जायचे. ब्रिटन युरोपच्या संघातून बाहेर पडणार, अशा बातम्या यायला लागल्या तेव्हा कँटीनमध्ये चहाबरोबर त्यावर गप्पा झाल्या, तेवढंच. त्याचा आपल्या पोटापाण्याशी काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

या बॉडीच्या लाइनवर शेवटची तपासणी करायला एक ताई होत्या. उदगीरकडच्या. नवऱ्याबरोबर मोशीला आल्या. त्याला कारखान्याची हवा मानवली नाही, तो गावाकडे परतला. मुलीची शाळा सुटू नये म्हणून या इथेच राहिल्या. दहावी नापास, पण इंग्रजी ड्रॉइंग घडाघडा वाचायच्या. बॉडीच्या भोकात गेज, म्हणजे माप तपासायची दांडी, घालताना डोळे मिटून घ्यायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "डोळा फसतो सर. हात न्हाई फसत." बारा वर्षांत ब्रिटनहून खराब मालाची एकच पेटी परत आली, आणि तीही ताई बहिणीच्या लग्नाला गेल्या होत्या त्या आठवड्यातली होती. तरी बारा वर्षं त्या कॉन्ट्रॅक्टवरच होत्या.

ब्रिटन बाहेर पडला. आधी ट्रक अडकायला लागले. तिकडे खरेदी बघणारा एक वयस्क गृहस्थ होता, आमचं वर्षानुवर्षं फोनवर बोलणं. तो म्हणाला, तुमचा माल वेळेवर आला, पण आमचे पंप बंदरावर उभे आहेत, रोज नवा कागद मागतात. मग एक दिवस त्याची मेल आली. पंप जकात न भरता युरोपात विकायचा, तर त्याचा ठरावीक हिस्सा ब्रिटनमध्ये किंवा युरोपातच बनलेला हवा. आणि आमची बॉडी म्हणजे पंपातला सगळ्यात महाग भाग. त्यांनी एक फॉर्म पाठवला होता. धातू कुठला, ओतकाम कुठे झालं, मशीनिंग कुठे झालं. मी एकेका रकान्यात भारत लिहीत गेलो. पूर्वी हा शब्द लिहिताना बरं वाटायचं. त्या दिवशी प्रत्येक रकान्यागणिक आमचा माल त्यांना परवडेनासा होत होता.

मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "हे काम आता फार दिवस राहणार नाही. पण शॉपवर, कामगारांत कुणाला कळता कामा नये. शेवटच्या ऑर्डरी नीट जाऊ देत."

त्याच आठवड्यात ताई माझ्या टेबलाशी आल्या. जेवणाची सुट्टी होती. हळूच म्हणाल्या, "सर, तळेगावच्या कंपनीतून बोलावणं आलंय. आपले जुने सुपरवायझर तिथं हायेत. पर्मनंट करतो म्हणाले. काय करू?"

मी म्हणालो, "तळेगावला रोज जाऊन येऊन दमाल ताई. इथं काय कमी आहे?"

"कमी काई न्हाई. पण इथलं काम राहील ना?"

"राहील," मी म्हणालो.

मॅनेजरची भीती होती, हे खरं. पण ताई गेल्या तर शेवटचा माल रिजेक्ट होईल आणि ते माझ्या गळ्यात येईल, हाही हिशोब त्या क्षणी माझ्या मनात झाला होता. हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

चार महिन्यांनी ब्रिटनच्या त्या गृहस्थाचा फोन आला. पुढची ऑर्डर नाही. युरोपातल्या गिऱ्हाइकांनी दुसरीकडून पंप घ्यायला सुरुवात केली होती आणि त्याचं स्वतःचं खरेदी खातंही बंद होत होतं. तो माझी माफी मागत राहिला, मी त्याला काळजी घ्या म्हणत राहिलो.

लाइन बंद झाल्याची नोटीस लागली त्या दुपारी ताई आल्या. हातात डबा, खांद्याला पर्स.

"तुमाला ठाऊक होतं, सर?"

"हो."

"मी विचारलं तवा?"

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मला एकटीला सांगायचं होतं. मी कुणापाशी बोलले नसते." आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून तळेगावला गेलो. गेटवरून जुन्या सुपरवायझरना बाहेर बोलावलं. ते म्हणाले, "राव, दोन महिने जागा धरून ठेवली होती मी. आता भरली."

पुढे मला दुसरीकडे नोकरी लागली. दीड वर्षानंतर कामानिमित्त हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत गेलो होतो. कँटीनमध्ये ताट घेऊन रांगेत उभा राहिलो, तर भाजी वाढायला ताई. डोक्यावर प्लास्टिकची टोपी. त्यांनी मला ओळखलं. रांग सरल्यावर मी काउंटरशी गेलो. मुलगी काय करते, विचारलं.

"फार्मसीला होती. दुसऱ्या वर्षात सोडावं लागलं. मॉलमध्ये लागलीय आता."

मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी मी..."

"आता ते कशाला? जेवा. भाजी गार होतीय."

मी कसाबसा जेवलो. निघताना परत त्यांच्यापाशी गेलो, म्हणालो, "तुमचा नंबर द्या. ओळखीत कुठे तपासणीचं काम निघालं तर सांगतो."

त्यांनी पुसायचं फडकं खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी सांगितल्यावर मी खरं कसं मानू, सर?" रागानं नाही, खरंच विचारत होत्या. माझ्यामागे आणखी माणसं ताटं घेऊन उभी राहिली होती, म्हणून मी बाजूला झालो.