वाऱ्यात धरायची दोरी

सुदामा नगरच्या बागेत ते म्हातारे गृहस्थ मला रोज दिसायचे. वारा सुटला की बाकाची कड घट्ट धरून वर बघायचे. शेवटी मी विचारलंच.

"सर्कसचा तंबू खडा करायचो, भिया. हवा आली की सगळे रस्सी धरून उभे! आता बेटा म्हणतो, तिसऱ्या मजल्यावर राहायला चला. तिथं हवा आली तर पकडू काय?"

मला हसू आलं. आमच्या घरी पत्रे जाऊन पक्कं छत माझ्या नोकरीनंतर आलं; ते वाऱ्यात कुणाला धरावं लागत नाही, याचंच मला अप्रूप.

मग ते बागेत येईनासे झाले. परवा वावटळ उठली. बागेसमोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, कपडे वाळवायची दोरी दोन्ही हातांनी धरून ते उभे होते.

मी खालून हात हलवला. त्यांनी नुसती मान हलवली. हात मोकळे नव्हते.