हरल्यावरचा चहा

परवा ऑफिसात शेजारच्या मुलीने आखडलेल्या मानेला बाम लावला आणि त्या वासासरशी मला आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातलं ते ओलं मैदान आठवलं. तेव्हा मी तिथल्या हौशी अमेरिकन फुटबॉल टीममध्ये खेळायचो. आमचे कोच अमेरिकेत आधी कॉलेजच्या आणि मग व्यावसायिक टीमचे कोच होते. निवृत्तीनंतर ते बायकोच्या गावी येऊन राहिले होते.

त्या रविवारी नागपूरहून आलेले बाबाही सोबत होते. आयुष्यभर शाळेत कबड्डी शिकवून नुकतेच निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून गप्प गप्प. आम्ही सपाटून हरलो. मी दुखऱ्या खांद्याला बाम चोळत होतो, कोच सगळ्यांना थर्मासमधला चहा देत होते. बाबा म्हणाले, "इतल्या मोठ्या टीमा सांभायल्या ह्यायनं. आता इथं फुकट शिकवते, तर करमते का त्यायले? विचार बरं."

मी विचारलं. कोच हसून म्हणाले, "तिकडे हरलो की नोकरी कधी जाईल याचा नेम नसायचा. इथे हरलो की चहा पितो. आता कुठे नुसतं शिकवायला मिळतंय."

मी ते बाबांना मराठीत सांगितलं. ते उठून थर्मासपाशी गेले. मग म्हणाले, "त्यायचा कप दे इकडं, मी भरतो."

मला वाटलं, पाहुणचाराची परतफेड चाललीय. पण परत गेल्यावर त्यांनी मोहल्ल्यातल्या मुलींची कबड्डीची टीम उभी केली. आता रविवारी फोन केला की मागे मुलींचा गलका असतो आणि बाबा म्हणतात, "मंग बोलू, आता मले टाइम नाई."