चौकशीसाठी पाहिलेला समुद्र

सोलापूरच्या माणसाला समुद्राची फारशी हौस नसते. उजनी धरण भरलं की आमचं भागतं. तरी शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत मी जाहीर केलं, ‘समुद्र बघायला रत्नागिरीला चाललोय.’ खरं कारण मला आणि बायकोला, महादेवीला ठाऊक होतं.

आमची गौरी पुण्यात नोकरी करते. तिनं रत्नागिरीचा केदार पसंत केला. मुलात खोट नव्हती, घरचा धंदा शोभेच्या लाकडी होड्या करण्याचा, पण घर मासे खाणारं, आणि आमच्याकडे अंडंसुद्धा उंबऱ्याबाहेर थांबतं. ‘अप्पा, तुम्ही नाही म्हणालात तर मी पुढं जाणार नाही,’ असं म्हणून पोरगी मोकळी झाली. भांडली असती तर मी जिंकलो असतो. विश्वास टाकला, म्हणून अडकलो. मग पर्यटक होऊन गुपचूप चौकशी करायचं ठरलं.

महादेवीनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी एवढी बांधली, की रत्नागिरीत दुष्काळ पडलाय असं कुणालाही वाटावं. आंबा घाटात एसटी शिरली आणि बाहेर सगळं हिरवं झालं. महादेवीला गाडी लागल्यामुळे तिनं अख्खा घाट डोळे मिटून पार केला. पुढं महिनाभर घाटाच्या सौंदर्याचं वर्णन मात्र तीच करत होती.

रत्नागिरीत उतरल्यावर पहिला चहा घेतला. घेण्याआधी मी वेटरला विचारलं, “ह्या पातेल्यात मासे करत न्हाई न्हवं?”

“काका,” तो म्हणाला, “कालवणात चहा कोन करील?”

मांडवीच्या बंदरावर गेलो. समोर नुसतं पाणी. आमच्याकडे नळाला चार-चार दिवस येत नाही ते सगळं इथं येऊन पडलेलं. होड्या परतत होत्या, माणसं खुशीत फिरत होती, आणि मला एकाएकी भीती वाटली. पोरगी इतक्या लांब, जमीन संपते तिथं येऊन राहणार. तिला बरं नसलं तर आम्ही पोचणार कधी? महादेवी शेजारी पदर सावरत उभी राहिली.

रिक्षावाल्याला मी सहज म्हणून विचारलं, “ते लाकडी होड्या करणारे, कसे हायत ओ?”

“चांगले.”

“दारूबिरू?”

“नाय.”

“भावाभावांत भांडणं?”

“नाय वो.”

“मग खोट काय?”

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. “खोट हवीच काय तुमाला?”

केदारचं घर म्हणजे पुढं खळं (सारवलेलं अंगण) आणि बाजूला कारखाना. वडील सागाची हातभर होडी तासत होते, आई शिडाच्या काठीला रंग देत होती. आम्ही गिऱ्हाईक म्हणून एक होडी उलटीसुलटी केली. मी लाकडाची चौकशी करता करता घरात माणसं किती, स्वयंपाक कोण करतं, इथपर्यंत पोचलो.

आईनं कुंचला खाली ठेवला. “बसा. घावनं (तांदळाची धिरडी) करते. नव्या तव्यावर. गौरीसाठी भांडी वेगळी घेऊन ठेवलीत आम्ही.”

माझ्या हातातली होडी कलंडली. “तुमी वळखलं कसं?”

“अहो, मागच्या महिन्यात आम्ही सोलापूरला आलो होतो. चादरी बघायला.”

केदारचे वडील घाईनं म्हणाले, “जाऊ दे गो.” पण मला आता राहवेना. आमच्या पेठेत काय कळलं, ते मी खोदून खोदून विचारलं.

“मुलगी सोनं आहे म्हणाले सगळे. आई देवमाणूस.”

“आणि मी?”

“तुमचा इस्त्रीवाला म्हणाला, नळाला पाणी आलं की हा माणूस गल्लीला वैरी समजतो. किराणावाल्या बाई म्हणाल्या, लई खवचट, पण पोटात पाप न्हाई.”

महादेवी पदरात तोंड घालून हसत होती. मी घसा साफ केला. “मग तरीसुद्धा हो म्हणालात?”

“मुलगी येणार आमच्याकडे,” ती शांतपणे म्हणाली. “वडील थोडेच येणार आहेत?”

घावनं मऊ होती. मी पाच खाल्ली.

परतीच्या एसटीत मी मिरजेपर्यंत इस्त्रीवाल्याला काय बोलायचं ते जुळवत होतो. मग लक्षात आलं, तो खोटं काहीच बोलला नव्हता. ज्याच्या घरी आपण खोट शोधायला जातो, तो आपली आधीच मोजून बसलेला असतो, आणि वर आपल्याला जेवायला वाढतो.

तेवढ्यात गौरीचा फोन आला. “अप्पा, काय ठरवलंत?”

“ठरवायचं काय त्यात,” मी म्हणालो. “माणसं लई चांगली हायत पोरी. आपली चौकशी करूनसुद्धा हो म्हणालीत.”