काजळी

"तोंड इकडं कर," मालक म्हणाला. कंदिलाच्या काचेवरची काजळी त्यानं बोटानं खरवडली आणि माझ्या गालांना फासली.

नवी पेठेत त्याचं दंतमंजनाचं दुकान. मागच्या खोलीत माझी आई खडू, तुरटी, लवंग कुटायची. मी दहा-अकरा वर्षांची. रंगानं काळीकुट्ट. दात मात्र पांढरेफेक. मालकानं ते हेरलं न् मला दुकानापुढं खोक्यावर बसवलं. गिऱ्हाईक आलं की हसायचं. एवढंच काम.

आधी बरं वाटायचं. वस्तीत माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. इथं माणसं थांबायची. वाटायचं, माझे दात बघतात.

"मी काळीच हाय की. आन् काजळी कशाला?"

"तोंड जितकं काळं, तितके दात उठून दिसतात."

तवा कळलं, माणसं कशाला थांबतात ते.

बाजाराचा दिवस. एक गोरी बाई टांग्यातून उतरली. छत्रीच्या टोकानं तिनं माझी हनुवटी वर केली. बैलाचे दात बघतात, तसं बघितलं.

"दात असले हवेत हो आमच्या मुलीला. तोंड नको!"

गर्दी हसली. मालक सगळ्यात मोठ्यानं. मीही हसले. हसायचंच काम होतं.

आत गादीवर मालकाची मुलगी बसलेली. माझ्याच वयाची. गोरीपान. रोज तेच मंजन लावूनही दात पिवळट. पण जो तो म्हणायचा, काय रूप आहे! तिचे दात कुणाला दिसतच नव्हते.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मालक, तुमच्या पोरीला फासा की काजळी. तिचंबी दात पांढरं दिसत्याल."

थप्पड बसली. ओठ फुटला. आई धावत आली, त्याच्या पायाशी वाकली. "लेकरू हाय, मालक."

"मग हात जोडून हसायला सांग तिला."

"हस की गं," आई म्हणाली.

मी ओठ आवळले. ते उघडले नाहीत.

आईचं काम त्याच दिवशी सुटलं. कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पुढं मी गिरणीत सूत गुंडाळायला लागले, घर चालवायला लागले. पण तवा न हसणं चूक होतं, असं मला एकदाही वाटलं नाही.

उद्या धाकट्या बहिणीला बघायला वैरागचे पाहुणे येणार आहेत. तीही माझ्यासारखीच काळी. आई सकाळपासून तिच्या तोंडाला हळद चोळतेय. मी वाटी काढून घेतली. बहिणीला सांगितलं, तोंड धू. हाय तशी बस.

रंगावरनं कुणी एक शब्द काढला, तर पाहुण्यांना मी उठवणार. स्थळ मोडलं तर मोडू दे.