नोरीनच्या रीलमधला थांबा

"नोरीन, तुझ्याकडून तो थांबा सुटतोय. वयाप्रमाणे होतं असं," डर्मट म्हणाला.

"माझ्या वडिलांच्या रीलमध्ये थांबा नव्हताच."

"मग ती तुझ्या वडिलांची नाहीच. थांबा असलेली रील माझ्या गॉलवेच्या काकांची."

हे भांडण आयर्लंडमधल्या एनिसला, नोरीनच्या परसात, २०२१ च्या उन्हाळ्यात चाललेलं. मी मध्येच गवतावर मांडी घालून बसलेले. पण या मंडळींचे किस्से दोरीवरच्या ओल्या कपड्यांसारखे असतात, एक ओढायला जावं तर चार अंगावर येतात. तेव्हा आधी मागचे ऐका.

रील म्हणजे तुमच्या मोबाइलवरची नव्हे. इथली नाचाची जलद धून. नोरीन आमची शेजारीण, ऐंशीच्या पुढची, फिडलवाली. फिडल म्हणजे व्हायोलिनच, फक्त इथे कुणी त्याला कोट घालून बसवत नाही. मी लेकाकडे तीन महिन्यांसाठी आले आणि कोरोनात विमानंच बंद पडली. सोबत माझं व्हायोलिन होतं. रेडिओ ऐकून, स्वयंपाकघरात, स्वतःची स्वतः शिकलेय. गुरू नाही, आणि त्याबद्दल मला वाईटही वाटत नाही. कुंपणापलीकडून नोरीनने ऐकलं आणि मला तिच्या ऑनलाइन बैठकीत ओढलं.

*

बैठकीत पहिल्याच दिवशी डर्मटने विचारलं, "तुमचं वादन कोणाकडून आलं?" हा निवृत्त शाळामास्तर. इथे प्रत्येक धून कोणाकडून मिळाली ते सांगायची पद्धत आहे, आपल्या घराण्यांसारखी.

"माझ्याकडून," मी म्हटलं.

"आणि तुमच्याकडे कोणाकडून?"

"तेव्हाही मीच होते."

अनाथ मुलाकडे बघावं तसं तो माझ्याकडे बघत राहिला.

*

रील तीनदा वाजवतात, मग न सांगता दुसरी धरतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्यक्ष भेटायची मुभा मिळाली तेव्हा सगळे दुसऱ्या धुनेवर गेले आणि मी चौथ्यांदा तीच, जोरात. डर्मट म्हणाला, "आमच्याकडे तीनदाच." मी म्हटलं, "आमच्याकडे तेवढ्यात गवयाचा नुसता घसा मोकळा होतो."

सून म्हणाली, "आई, जरा जुळवून घ्या ना." नातीने तिच्या आयरिश इंग्रजीत सांगितलं, "शी'ज ग्रँड, मम्मा." म्हणजे आजी आहे तशीच झकास. नात माझ्यावर गेलीय.

*

आम्हाला पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती, तेव्हा नोरीनची ही रील मात्र फिरत होती. नोव्हेंबरात डर्मटने सांगितलं, मूळ स्कॉटलंडचं. नाताळात ती डोनेगॉलला उतरली. ईस्टरला गॉलवेत पोचली, थेट त्याच्या काकांच्या अंगणात. एवढ्या प्रवासात तिला एक पोलीस आडवा आला नाही.

एकदा तर उगमावर बोलताना त्याचा माइक बंद होता. पाऊण तास हातवारे. कुणीही सांगितलं नाही. शेवटी नोरीन म्हणाली, "फार छान, डर्मट." तो खूश.

*

आता तो थांबा. एका बुधवारी नोरीन सगळ्यांना ही रील शिकवत होती. पहिला भाग गावाचा, जुना. दुसरा तिच्या वडिलांनी बांधलेला. ते छपरं शाकारायचे, आणि त्यांचं म्हणून या जगात आता एवढंच उरलंय. दुसऱ्या भागाच्या मध्यावर पडद्यावरची नोरीन गप्प झाली. गज वर, डोळे मिटलेले. वाजवताना ती तशीही पुतळ्यासारखीच बसते, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मग आवाज परत आला. सगळे म्हणाले, काय थांबते बाई.

माझी खिडकी मात्र उघडी होती. कुंपणापलीकडून रील एकदाही न अडखळता चालली होती.

दुसऱ्या दिवशी मी नोरीनला सांगितलं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "असू दे, विसरतील," म्हणाली.

विसरले कुठले. लिमरिकपर्यंत सगळे तो थांबा घेऊन वाजवू लागले, डर्मट तर डोळे मिटून.

*

तर परसातलं भांडण. गावच्या रेडिओचा माणूस रेकॉर्डिंगला आलेला, माइक उभा. नोरीनची इच्छा एकच, रेडिओवर वडिलांचं नाव एकदा मोठ्याने घेतलं जावं. आणि डर्मट त्या माणसाला सांगत होता, नाव काकांचं घ्या.

"आठ जण थांबा घेतात, ती एकटी घेत नाही," तो म्हणाला. "चूक कुणाची, तुम्हीच सांगा."

रेडिओवाला नोरीनकडे बघू लागला, म्हाताऱ्या माणसांकडे बघतात तसा. मला ते सहन होईना. मी तोंड उघडलं, तर नोरीनने माझा गुडघा दाबला.

"डर्मट, हा थांबा काकांकडून तू स्वतः ऐकलास?"

"सात वर्षांचा होतो. त्यांच्या पायाशी बसून. अगदी हाच, इथेच."

"नक्की?"

"देवाशपथ."

नोरीनने फिडल मांडीवर ठेवलं, गजाचा स्क्रू सावकाश सैल केला.

"मग मला सांग, तुझ्या काकांकडे त्या काळी माझ्यासारखंच ब्रॉडबँड होतं का?"