बर्फाच्या ट्रकवर डेल्फिन मेब्री

डेल्फिन मेब्रीला तोंड आवरत नाही, हे आमच्या शहराच्या पूर्व भागातल्या सगळ्या गल्ल्यांना माहीत आहे. शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळताना ती पाद्रीबाबांनाही सुनावते, "रेव्हरंड, प्रवचन आटपा, तेल तापलंय." मी तिची शेजारीण ओझेला. तिची बाजू घेऊन भांडायला मला कारण लागत नाही.

तरुणपणी तिने मोठा मूर्खपणा केला. मित्र दुकान लुटत होता आणि ही बाहेर गाडी चालू ठेवून बसली होती. त्यापायी सहा वर्षं तुरुंगात गेली. तिथल्या शेतावर ती ट्रक चालवायला शिकली आणि सुटल्यावर तिने अवजड वाहनांचा परवाना काढला. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा पालिकेचा ट्रक चालवायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पण अर्जावर एक चौकट असायची, कधी शिक्षा झाली आहे का? तिथे खूण केली की अर्ज केराच्या टोपलीत जायचा, आणि खोटं लिहायला ही तयार नाही. मग वर्षानुवर्षं हॉटेलच्या फरशा पुसल्या.

नगरसभेत ती चौकट काढून टाकायचा ठराव आला, तेव्हा डेल्फिन बोलायला उभी राहिली. तिथे प्रत्येकाला मोजून तीन मिनिटं मिळतात, मग लाल दिवा लागतो.

ब्रॅनिगन नावाचे नगरसेवक म्हणाले, "बाई, कामावर कोण येतंय ते आम्हाला कळायला नको?"

"कळायलाच हवं, साहेब! नोकरी देऊ केल्यावर विचारा, सगळं सांगते. पण आत्ता तुम्ही माझा अर्ज वाचतच नाही. आणि तुमचे ते धुतल्या तांदळासारखे ड्रायव्हर आमच्या गल्लीत बर्फ काढायला मार्चपर्यंत फिरकत नाहीत!"

सभागृह हसलं. ब्रॅनिगन हसले नाहीत, त्यांनी विरोधात मत दिलं. तरी ठराव एका मताच्या फरकाने पास झाला. आता नोकरी देऊ करेपर्यंत कुणी शिक्षेचा विषयच काढायचा नाही.

पालिकेच्या ट्रकसाठी पहिली मुलाखत हिचीच. मी सोबत गेले आणि बाहेरच्या बाकावर बसले. दार उघडंच होतं. ट्रकच्या आवाराचे मुख्य कोवालचिक म्हणाले, "स्वतःबद्दल सांगा."

आणि ही बया सवयीने सुरू झाली, "मी सहा वर्षं तुरुंगात..."

मी कपाळावर हात मारला. एवढं भांडून कायदा करून घेतला, आणि पहिल्याच वाक्यात स्वतःच मोडला!

कोवालचिकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "थांबा, थांबा! मला हे ऐकायची परवानगी नाही. तुम्हीच घेतलीत ना काढून?"

"मग काय सांगू?"

"ट्रक मागे घेता येतो?"

डेल्फिन खुर्ची सारून उभी राहिली. इतक्या वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

मागोमाग मीही आवारात गेले. तिथे पिंपांच्या दोन रांगांमधून, समोर बर्फ ढकलायचं पातं लावलेला तो अजस्र ट्रक तिने उलटा नेला. एकाही पिंपाला धक्का लागला नाही. खाली उतरली तेव्हा कोवालचिक म्हणाले, "नोकरी तुमची. आता मला विचारावं लागेल."

"ऐका, जरा लांबण आहे."

तिने सगळं सांगितलं. दुकान, मित्र, चालू ठेवलेली गाडी. काही लपवलं नाही. कोवालचिकांनी बुटाने बर्फ उकरला. मग एकच प्रश्न विचारला, "आता कुणाच्या सांगण्यावरून गाडी चालू ठेवाल?"

"तुमच्या. आणि तुम्ही चुकीचं सांगितलंत तर बंद करेन."

"मग सोमवारी पहाटे चारला या."

मला तिथेच मोठ्याने रडू फुटलं. अभिमानच तेवढा वाटला. तर ही मला ढोसत म्हणते, "अगं, रडतेस काय? माझ्याकडे धड बूट नाहीत. चल, दुकानं बंद होतील."