नाही म्हणायचं काम

"ही शेवटची, भाऊ."

असं म्हणून ती कानामागची बिडी काढायची. सुतार पेन्सिल ठेवतो तशी तिची बिडी कानामागे असायची, डोक्यावरच्या पदराच्या आड. मग दातांत पदराचं टोक धरून, दोन्ही हातांच्या ओंजळीत काडी जपत ती माझ्या दुकानाच्या ओट्यावरच पेटवायची. शेवटची म्हणजे त्या तासातली शेवटची. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेलच, ज्याचं शेवटचं कधी शेवटाला जात नाही.

आर्वीजवळच्या तळेगावात बाजाराच्या रस्त्यावर माझं किराण्याचं दुकान आहे. ओट्याच्या डाव्या अंगाला ती भाजीच्या टोपल्या घेऊन बसायची. गावाबाहेर त्यांची वाडी. नवरा आणि सासू भाजी काढायचे, विकायची ती. तिचं नाव मी लिहीत नाही. गावातले लोक नावाशिवाय ओळखतील, आणि बाकीच्यांना तिचं नाव कळून काय करायचं आहे?

भाजी विकताना ती गिऱ्हाइकाची भीड ठेवायची नाही. भेंडीचं टोक मोडून पाहणाऱ्याला म्हणायची, नाक तोडलं तर आता घरी न्या तिले. एकदा शाळेतले एक गुरुजी बराच वेळ वांगी दाबून पाहत होते. ती म्हणाली, "गुरुजी, वांगं घेऊन राह्यले का जावई पाहून राह्यले?" गुरुजींनी मुकाट्यानं वांगी घेतली. पुढच्या बाजारी न दाबता घेतली.

बिडी कशी लागली, हेही तिनं हसत सांगितलं होतं. माहेर रोहण्याचं. आजीला दिसत नसे, म्हणून ती नातीला म्हणायची, चुलीतून पेटवून आण. "तोंडात धरल्याशिवाय बिडी पेटते का, भाऊ? आजीच्या सेवेतच शिकली मी." ओट्यावरचे सगळे हसले होते. मीही हसलो, आणि तिला बंडल काढून दिलं. तिला बंडल देणारा मीच होतो. ते मी विसरत नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मधे एकदा दिवस राहिले होते आणि पाचव्या महिन्यात गेलं. त्याबद्दल ती कुणाशी बोलली नाही. फक्त त्या हिवाळ्यात एका बंडलाची दोन झाली. मला दिसत होतं, आणि मी देत होतो.

नंतर एका सकाळी ती टोपल्या न घेताच आली. कानामागे काही नव्हतं. तिनं अर्धं बंडल आणि काडीपेटी काउंटरवर ठेवली आणि म्हणाली की पुन्हा दिवस राहिले आहेत. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बिडी सोड, धूर पोटातल्याला लागतो.

"आधीच्या खेपेले मले कोनी सांगतलंच नाई, भाऊ."

हे तिनं माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं नव्हतं. पण आधीच्या खेपेला मी रोज तिच्यापासून दोन हातांवर बसलो होतो.

"हे तुमच्या गल्ल्यात ठेवा," ती म्हणाली. "मी मांगलं तरी देऊ नोका. रडली तरी देऊ नोका."

मी म्हटलं, फेकूनच दे ना. तर म्हणाली, फेकलं तर नवीन घेईन, तुमच्याजवळ आहे म्हटलं की जीव थाऱ्यावर राहतो. मी बंडल गल्ल्याच्या मागच्या खणात टाकलं. आयुष्यात प्रथमच कुणी मला वस्तू न विकण्यासाठी नेमलं होतं.

पहिले काही दिवस तिनं मला फार छळलं. सकाळी स्वतः नेमायची आणि दुपारी स्वतःच भांडायची. तुमचं दुकान आहे का पोलीस ठाणं, असं विचारायची. एकदा म्हणाली, आमच्या मालकांना पाहिजे. तिचा नवरा सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. मी म्हटलं, मग त्यांनाच पाठव. तर थोड्या वेळानं तो खरंच आला. जमिनीकडे पाहत म्हणाला, "एक बिडी द्या न, भाऊ." मी विचारलं, कोणती? त्याला एकही नाव सांगता आलं नाही. मी त्याला आत बसवून चहा पाजला. चहा संपला तरी तो उठेना. "रिकाम्या हातानं गेलो तर माह्यं काही खरं नाई," म्हणाला. शेवटी मी त्याला लिमलेटच्या गोळ्या दिल्या. त्या त्यानं ओट्यावर ठेवल्या आणि पलीकडच्या गल्लीतून वाडीवर निघून गेला.

गोळ्यांनी काही झालं नाही. कामी आली ती गवार. हातांना सवय होती, काहीतरी धरायची. एक दिवस पाहतो तर तिच्या दोन बोटांत गवारीची शेंग. ओढल्यासारखं करी, डोळे बारीक करून धूर सोडल्यासारखं करी, आणि टिचकी मारून राखही झटके. गिऱ्हाइकं थांबून पाहायची. चारपाच झुरक्यांनंतर ती शेंग चावून खाऊन टाकायची. तिची सासू वाडीवरून भाजी पाठवायची आणि संध्याकाळी विचारायची, गवार तर पाटीभर दिली होती, विकली कुठं?

हळूहळू ती माझ्याकडे बिडी मागेनाशी झाली. पोट दिसायला लागलं. तिचं बोलणं पुन्हा धारदार झालं. मी दुकानात येईल त्याला तिच्याकडे दाखवून सांगायचो, बघा, हिनं सोडली. सांगताना 'हिनं'मध्ये थोडा 'आम्ही' असायचा.

आता जे झालं ते आमच्याच भागात होऊ शकतं.

आमच्याकडे घराघरात गुडाखू आहे. काळी, ओलसर, डबीतली. बोटावर घेऊन दातांना घासायची. सकाळी पोट साफ व्हायला घासतात, दात दुखला तर घासतात, जेवण झालं म्हणून घासतात. तंबाखू खाणाऱ्या बाईला लोक नावं ठेवतात; गुडाखू घासणाऱ्या बाईला कुणी काही म्हणत नाही, कारण ती दात घासते आहे. माझ्या दुकानातही गुडाखू दंतमंजनाच्या खणात होती, टूथपेस्टच्या शेजारी. वडिलांनी तिथं लावली, मीही तिथंच लावत आलो. डबीवर चित्र आहे, इशारा छापलेला आहे. मी ती डबी रोज फडक्यानं पुसतो.

तर बिडी सुटल्यापासून ती गुडाखू जास्त न्यायला लागली होती. सासू-सुना सकाळी न्हाणीजवळ उकिडव्या बसून बरोबर घासत. पुढे पुढे ती दुपारीही ओट्याच्या कडेला बसून घासू लागली. मला ते चांगलंच वाटलं. एकदा तिचं डोकं जड झालं होतं, तेव्हा तर मीच डबी उघडून पुढं केली.

अशाच एका दुपारी उपकेंद्रातल्या सिस्टर मीठ घ्यायला आल्या. ती बोट तोंडात घालून बसली होती. सिस्टरांनी विचारलं, काय करतेस? ती म्हणाली, दात घासून राह्यली.

"दिवसातून कितीदा घासतेस?"

ती हसली. सिस्टरांनी डबी उचलली, वास घेतला आणि रागावल्या नाहीत, हेच वाईट झालं. शांतपणे म्हणाल्या, "ही तंबाखूच आहे गं. बिडी सोडलीस आणि हे धरलंस?"

माझ्या हातात मिठाची पुडी तशीच राहिली. तिनं सिस्टरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, तुमाले मालूम होतं?"

हो म्हणावं तर मी तिचा गुन्हेगार, नाही म्हणावं तर रोज पुसलेली डबी समोर. मी मिठाची पुडी सिस्टरांपुढे केली. सिस्टर सांगत होत्या की आज सोडलं तरी फायदा आहे, वेळ गेलेली नाही. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. चूळ भरली, टोपल्या एकात एक घातल्या आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा. तिसऱ्या दिवशीही. मी दुकान बायकोवर सोपवून वाडीवर गेलो. ती वालाच्या वेलाजवळ शेंगा तोडत होती. माफी कशी मागायची ते मी रस्ताभर ठरवत आलो होतो, तिथं गेल्यावर एवढंच म्हणालो की माझं चुकलं. ती तोडत राहिली.

"तुमी देल्लं, म्या घेतलं," ती म्हणाली. "दोघंही येडेच." मग थांबून पोटावर हात ठेवला. "हे राहीन न, भाऊ?"

मला खोटं बोलता आलं नाही आणि खरं माहीत नव्हतं. मी म्हटलं, सिस्टर म्हणाल्या ना, वेळ गेली नाही. मी तेवढंच दोनदा म्हटलं.

तिची खरी अडचण मला त्या दिवशी कळली. बिडी एकटीची होती. गुडाखू सासूसोबतची. दिवसभर दोघींचं पटत नसे. सकाळी न्हाणीजवळ घासताना मात्र गावभरच्या गोष्टी निघत, हसणं होई. ते सोडायचं म्हणजे तेही सोडायचं.

पुढच्या बाजारी दुकान उघडलं तर दारात सासू. लग्न होऊन आली तेव्हापासून घासणारी बाई. तिनं कमरेची डबी काढून काउंटरवर ठेवली.

"तिच्या बंडलाजवळ ठेव हे," म्हणाली. "सून एकटी कशी सोडीन?"

त्या दिवसापासून दोघी सकाळी कडुलिंबाच्या काड्या चावत बसू लागल्या. तोंडं कडू, त्यामुळे गावाबद्दलचं बोलणं आणखीच कडू, असं तिचा नवरा सांगायचा. तो महिना गिऱ्हाइकांनाही जड गेला. ती भाजी देत नसे, टाकत असे. गुरुजी तर काही दिवस दुसरीकडून वांगी नेत होते.

मी गुडाखू मंजनाच्या खणातून काढली आणि वरच्या फळीवर ठेवली, उंदराच्या औषधाजवळ. विकणं बंद केलं असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. बंद केलेलं नाही. पण मागणाऱ्या बाईला आता मी सांगतो की ही तंबाखू आहे. काही परत जातात. काही म्हणतात, भाऊ, तुम्ही द्या मुकाट्यानं.

दिवस भरल्यावर तिला आर्वीला नेलं. एका सकाळी तिचा नवरा दुकानात आला, पेढ्यांचा डबा घेऊन. या खेपेला तो जमिनीकडे पाहत नव्हता. मुलगी झाली होती. तिनं माझ्यासाठी निरोप दिला होता, तो त्यानं पाठ केल्यासारखा सांगितला: "पोरगी तीन किलो भरली. काटा सरकारी आहे, म्या हात नाई लावला."

दवाखान्यातून ती माहेरी, रोहण्याला गेली आणि पोर मान धरायला लागल्यावर परतली. मी ओटा धुवून ठेवला होता. ती आली, पोरीला कडेवर घेऊन रस्त्याच्या पलीकडेच उभी राहिली. माझ्या दुकानाला दोरीनं लायटर टांगलेला असतो. बिडी घेणारे तिथंच पेटवतात. त्या वेळीही दोघं पेटवत होते.

"वास येते, भाऊ," ती तिकडूनच म्हणाली. "पोरगी आहे संगं. मी आता शाळेच्या भिंतीजवळ बसन. राग मानू नोका."

आता भाजीसाठी मलाच शाळेपर्यंत जावं लागतं. जाण्याआधी मी हात साबणानं धुतो. तरी ती पोरीला माझ्याकडे देण्याआधी माझ्या बोटांचा वास घेते, सगळ्यांसमोर. पोरगी गवारीची शेंग हिरड्यांनी चावत असते आणि गुरुजी वांगी न दाबता घेत असतात.

परवा मी तिला विचारलं, ते बंडल आणि सासूची डबी अजून माझ्या खणात पडून आहेत, फेकून देऊ का?

"राहू द्या," ती म्हणाली. "आली एखाद्या दिवशी मांगायले, तं नाई म्हनायले कोनी पाहिजे न."

अजून ती आलेली नाही. ओट्याची डावी बाजू रिकामी असते. मी सकाळी दुकान उघडतो, मागचा खण ओढून पाहतो, पुन्हा लावतो, आणि नाही म्हणायच्या तयारीनं बसतो.